एप्रिल-मेमध्ये गाडीत मोबाईल तापून बंद पडतो, उपाय काय? (सोलापूर–पुणे रोड)

जुळे सोलापूरकर

नमस्कार मंडळी. सोलापूर–पुणे नेहमीचं जाणं-येणं आहे. गाडी हॅचबॅक, एसी व्यवस्थित चालतो. मोबाईल पुढच्या काचेला चिकटणाऱ्या व्हॅक्यूम होल्डरमध्ये, डॅशबोर्डच्या वर असतो. मॅप चालू, ब्राइटनेस पूर्ण, लायटरच्या सॉकेटमधून १८ वॅटचं फास्ट चार्जिंग चालू. फोन काळा, मागे जाड रबरी कव्हर, दोन वर्षं जुना.

एप्रिल लागला की मोहोळ ओलांडल्यावर आधी स्क्रीन आपोआप मंद होते, मग चार्जिंग थांबतं आणि टेंभुर्णीच्या आसपास फोन गरम झाल्याचा इशारा येऊन मॅप बंद होतो. गाडीत बसलेल्यांना गारवा जाणवत असताना फोनच एवढा का तापतो? चार्जर बदलावा की होल्डर? मागे चिकटवायचे छोटे कूलर पंखे मिळतात, ते उपयोगाचे आहेत का?

दुसरा प्रश्न पार्किंगचा. परीक्षा केंद्रावर फोन आत नेता येत नाही, तेव्हा दोन-तीन तास गाडीतच ठेवावा लागतो. कुठे ठेवला तर कमीत कमी नुकसान होईल?

मोबाईल दुरुस्ती, नवी पेठ

मालक, स्क्रीन मंद होणं, मग चार्जिंग थांबणं, मग इशारा, हा क्रम म्हणजे फोन स्वतःला वाचवतोय. बिघाड नाही. बॅटरीजवळ तापमानाचा सेन्सर असतो. बॅटरी साधारण ४५ अंशांच्या आसपास गेली की बहुतेक फोन चार्जिंग कमी करतात किंवा थांबवतात, कारण त्या तापमानाला लिथियम सेलमध्ये करंट ढकलला तर आतलं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे रासायनिक द्रव, लवकर खराब होतं आणि सेलमध्ये वायू तयार होतो. ॲपल आपल्या आयफोनसाठी वापरताना भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश असावं असं सांगतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतसुद्धा त्यापेक्षा जास्त असतं. म्हणजे गाडीत बसण्याआधीच फोन मर्यादेच्या बाहेर गेलेला असतो.

आता तुमच्या फोनवर उष्णता कुठून येते याचा हिशोब मांडू. दुपारचं कडक ऊन जमिनीवर दर चौरस मीटरला साधारण १००० वॅट असतं. फोन १६ बाय साडेसात सेंटिमीटर धरला तर त्याच्यावर सरळ उन्हात १२ वॅट पडतात. काच आणि तिरपा कोन धरून निम्मी उष्णता अडली तरी ६ वॅट उरतात, आणि काळा फोन त्यातली बहुतेक शोषतो. मॅप, जीपीएस, नेटवर्क आणि पूर्ण ब्राइटनेस मिळून फोन स्वतः ३-४ वॅट खातो, ते सगळे शेवटी उष्णताच होतात. फास्ट चार्जिंगमध्ये आत वाया जाणारी वीज आणखी दीड-दोन वॅटची. म्हणजे फोनमध्ये भरणाऱ्या उष्णतेतला निम्मा वाटा एकट्या उन्हाचा. चार्जर बदलून दीड वॅट वाचेल, फोन उन्हातून काढला तर सहा. म्हणून पहिल्यांदा होल्डरची जागा बदला.

त्यात रबरी कव्हर. फोनची उष्णता मागच्या पाठीतून आणि काचेतून बाहेर जाते, कव्हर तिला अडवतं. गाडीत बसताना कव्हर काढायचं. पाकिटासारखं उघडणारं चामडी कव्हर असेल तर ते आधी.

मग भार कमी करा. निघायच्या आधी घरच्या वायफायवर मॅपमध्ये सोलापूर ते पुणे भाग ऑफलाइन उतरवून ठेवा. मधल्या पट्ट्यात जिथे सिग्नल कमजोर असतो तिथे मोडेम, म्हणजे फोनमधला नेटवर्क पकडणारा भाग, जास्त ताकद लावतो आणि जास्त तापतो. नेटवर्क सेटिंगमध्ये ५जी बंद करून ४जी ठेवा. मागे बसलेल्यांना हॉटस्पॉट देत असाल तर तो बंद, उन्हाळ्यात हॉटस्पॉटसारखा फोन तापवणारा दुसरा प्रकार कमीच. हायवेवर पन्नास-साठ किलोमीटर वळणच नाही, तिथे स्क्रीन बंद करा. गुगल मॅपची आवाजी सूचना स्क्रीन बंद असतानाही चालू राहते.

अक्कलकोट रोड ऑटो इलेक्ट्रिक

वरच्या उत्तरात हिशोब बरोबर आहे. मी गाडीच्या बाजूचं लिहितो.

एसी चालू असूनही फोन तापतो कारण एसीची हवा तुमच्या छातीवर येते, फोनवर नाही. डॅशबोर्ड आणि तिरपी काच यांच्या मधल्या कोनात हवा अडकून बसते. डॅशबोर्डचं काळं प्लास्टिक उन्हाने तापतं, त्याला लागलेली हवा तापून वर चढते आणि तुमचा फोन नेमका त्या वाटेत आहे. खालून डॅशची झळ, समोरून ऊन.

होल्डर मधल्या एसी व्हेंटच्या जाळीवर लावा, म्हणजे फोनच्या पाठीवर थेट गार हवा येते. ड्रायव्हरच्या उजव्या टोकाच्या व्हेंटवर नको, कारण तिथे बाजूच्या काचेतून ऊन येतं. होल्डर घेताना चिमट्याचा घेऊ नका. पातीच्या मागे हुक जाऊन स्क्रूने आवळला जाणारा आणि खाली आधाराचा पाय असलेला घ्या. चिमट्याचा होल्डर खड्ड्यात निसटतो, आणि २०० ग्रॅमचा फोन सतत लटकत राहिला की पातळ पात्या मोडतात. गोल व्हेंट असेल तर साधा हुक बसत नाही, गोल व्हेंटसाठीचा वेगळा मिळतो. खरेदीच्या आधी पात्या आडव्या आहेत की उभ्या ते बघून जा.

व्हेंट होल्डर बसतच नसेल तर दुसरी युक्ती. काचेवरचं धुकं काढायचं बटण असतं ना, एसी चालू ठेवून हवेची दिशा तिकडे वळवा. गार हवा काचेच्या खालच्या फटीतून वर येते आणि डॅशवरच्या फोनच्या भोवतीची अडकलेली गरम हवा हलते. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी असते म्हणून चालतं. पावसाळ्यात हेच केलं तर काचेवर बाहेरून वाफ धरते आणि समोरचं दिसत नाही.

व्हॅक्यूमचा होल्डर तसाही उन्हाळ्यात टिकत नाही. त्याची रबरी वाटी मऊ पडते, आतली हवा फुगते आणि फोनसकट खाली येतो. जेलचे चिकट पॅड तर उन्हात डॅशबोर्डवर डाग सोडतात.

चार्जरबद्दल. गाडी चालू असताना सॉकेटला १४ व्होल्टच्या आसपास वीज येते, ती ॲडॉप्टर ५ किंवा ९ व्होल्टवर उतरवतो. अगदी स्वस्तातला ॲडॉप्टर स्वतःच भाजतो, आणि सॉकेटमध्ये सैल बसला तर टोकावर ठिणगी पडून प्लास्टिक वितळतं. हात लावून बघा, धरवत नसेल इतका गरम झाला तर बदला. पण उन्हाळ्यात मुळात फास्ट चार्जिंग नकोच. घरून ८० टक्के चार्ज करून निघा आणि गाडीतल्या साध्या यूएसबी पोर्टला लावा. तो ५ व्होल्ट, १ ॲम्पिअर म्हणजे ५ वॅट देतो. मॅप ३-४ वॅट खातो, म्हणजे चार्ज जिथल्या तिथे राहतो आणि बॅटरीत जवळजवळ काही ढकललं जात नाही. पुणे २५० किलोमीटर, चार-साडेचार तासांत एवढं पुरतं.

कुर्डूवाडी जंक्शन

फोन तापला की ओल्या रुमालात गुंडाळून व्हेंटपुढे धरायचा, दोन मिनिटांत गार होतो. इकडे बरेच जण असंच करतात.

मोबाईल दुरुस्ती, नवी पेठ

दादा, हे करू नका. गार होतो हे खरं, पण पाणी चार्जिंगच्या पोर्टमध्ये आणि स्पीकरच्या जाळीत जातं. पोर्ट ओला असताना चार्जर लावला की पिना हिरव्या पडतात. फोन वॉटरप्रूफ आहे म्हणूनही भरवसा ठेवू नका. ते सील गोंदाचं असतं आणि उन्हात दोन उन्हाळे काढलेला गोंद नव्यासारखा राहत नाही. फ्रीजमध्ये किंवा बर्फावर ठेवणं तर आणखी वाईट. गरम फोन एकदम गार झाला की आतल्या हवेतली वाफ बोर्डवर थेंब होऊन बसते.

फोन तापून बंद पडला तर आधी चार्जर काढा, मग कव्हर काढा, फोन पूर्ण बंद करा. गाडीत असाल तर व्हेंटपुढे मध्यम ब्लोअरवर नुसता धरा. घरी किंवा ढाब्यावर असाल तर सावलीतल्या शहाबादी फरशीवर पाठ खाली करून ठेवा आणि पंखा लावा. फरशी उष्णता ओढून घेते आणि थेंब धरण्याइतकी गार नसते. हाताला कोमट लागेपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं, चालू करू नका. चार्जिंग त्याच्याही नंतर.

जुळे सोलापूरकर

धन्यवाद. होल्डरचं समजलं, उद्याच व्हेंटचा बघतो. दोन शंका. नव्या गाड्यांत गिअरजवळ वायरलेस चार्जिंगची जागा असते, ती उन्हापासून लांब असते, मग ती चांगली का? आणि पार्किंगचं कुणी सांगेल का?

अक्कलकोट रोड ऑटो इलेक्ट्रिक

ऊन लागत नाही हा फायदा, पण वायरलेसमध्ये साधारण पाव ते एक तृतीयांश वीज उष्णतेत जाते आणि ती नेमकी फोनच्या पाठीला, बॅटरीवर. त्यावर वायरलेस अँड्रॉइड ऑटो (फोनचा मॅप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) चालवलं की फोनचं वायफायही सतत चालू. म्हणून त्या खणात फोन डॅशवरच्याइतकाच तापलेला सापडतो. उन्हाळ्यात वायरचं अँड्रॉइड ऑटो वापरा: मॅप गाडीच्या स्क्रीनवर, फोनची स्क्रीन बंद, फोन गिअरजवळ सावलीत. गाडीत तशी स्क्रीन असेल तर याच्याइतका गार राहणारा मार्ग नाही, होल्डरही लागत नाही. आणि मॅग्नेटच्या होल्डरसाठी फोनच्या मागे लोखंडी पत्रा चिकटवला असेल तर वायरलेस चार्जरवर ठेवू नका, पत्राच तापतो.

सावली शोधणारा

पार्किंगचं मी लिहितो, याच्यात सोलापूरचा सूर्य समजून घ्यावा लागतो.

आधी आकडे. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या २०१८च्या अभ्यासात ३८ अंशांवरच्या दिवसांत उन्हात तासभर उभ्या गाड्यांमध्ये आतली हवा सरासरी ४७ अंश आणि डॅशबोर्ड ६९ अंश भरला. सावलीतल्या गाड्यांत हवा ३८ आणि डॅशबोर्ड ४८. आयफोन बंद ठेवायचा असला तरी ॲपलची मर्यादा ४५ अंशांची आहे. म्हणजे उन्हातली गाडी बंद फोनलाही नको, सावलीतली चालवून घेता येते. काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही, हेही मोजून झालेलं आहे. आणि "दहा मिनिटांत येतो" यात फसू नका, तासाभरात जेवढं तापमान चढतं त्यातलं बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच चढतं.

सावली कुठे मिळेल? सोलापूर साडेसतरा अंश अक्षांशाच्या जरा वर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीला किंचित उत्तरेकडे असतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये बारा ते एक या वेळात इमारतीची सावली जवळजवळ नसतेच, भिंतीला चिकटून गाडी लावून उपयोग नाही. त्या वेळी झाडच हवं, तेही थेट खाली. दाट कडुनिंब किंवा चिंच असेल तर उत्तम, गुलमोहराची सावली विरळ. दीडनंतर मात्र इमारतीच्या पूर्वेकडे सावली लांबायला लागते. परीक्षा दहाला सुरू होऊन एकला सुटणार असेल तर पश्चिमेच्या भिंतीकडे लावा, दोनला सुरू होणार असेल तर पूर्वेच्या. लावताना कुठे सावली आहे तेवढंच बघू नका, गाडी उभी असेपर्यंत जास्त वेळ कुठे राहील ते बघा.

सावली नसेल तर तोंडाची दिशा. दुपारनंतर लावायची असेल तर गाडीचं तोंड पूर्वेला, म्हणजे मावळतीकडचं ऊन मागच्या काचेतून येईल आणि डॅशबोर्ड वाचेल. पुढच्या काचेला आतून चकाकणारा घडीचा सनशेड लावा, चकाकती बाजू काचेकडे. तो नसेल तर जुनी सोलापुरी चादर डॅशबोर्डवर पसरा. सनशेडइतकी ती चालत नाही, कारण ऊन काचेच्या आत आलेलंच असतं, पण डॅश आणि स्टिअरिंग भाजत नाही. काचांना काळी फिल्म लावायच्या भानगडीत पडू नका. नियमाने पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायलाच हवा.

आता फोन. हवा वर तापते, म्हणून जितकं खाली तितकं बरं. डॅशबोर्ड आणि मागच्या काचेखालचा ट्रे सगळ्यात वाईट. पुढच्या सीटखाली किंवा ग्लोव्हबॉक्सच्या तळाला ठेवा. सेडान असेल तर डिकी, तिला काच नसते. हॅचबॅकची डिकी ही आतलीच हवा, तिचा फार फायदा नाही. फोन पूर्ण बंद करा, एअरप्लेन मोड पुरेसा नाही. डबा न्यायची इन्सुलेटेड पिशवी घ्या, तिच्यात घरातल्या तापमानाची पाण्याची लिटरभर बाटली झाकण घट्ट लावून ठेवा, शेजारी फोन झिपच्या पाऊचमध्ये, पिशवी बंद करून सीटखाली. पाणी तापायला पुष्कळ उष्णता लागते, त्यामुळे दोन-तीन तास पिशवीतलं तापमान गाडीपेक्षा बरंच खाली राहतं. बाटली बर्फाची नको, तिच्यावर पाणी सुटतं. टॉवेलात गुंडाळणंही चालतं, पण फक्त बंद फोन. चालू फोन गुंडाळला तर त्याची स्वतःची उष्णता आत कोंडते.

मोबाईल दुरुस्ती, नवी पेठ

पिशवी आणि बाटली छान सांगितली. त्यात एक भर, गाडीत ठेवायचा दिवस असेल तेव्हा फोन पूर्ण चार्ज करून नेऊ नका. भरलेल्या लिथियम सेलचं उष्णतेने सगळ्यात जास्त नुकसान होतं. बॅटरीवाल्यांच्या नेहमीच्या तक्त्यात ४० अंशांत वर्षभर पूर्ण भरून ठेवलेल्या सेलची क्षमता ६५ टक्क्यांवर येते, ४० टक्के भरून ठेवला तर ८५ वर. परीक्षेच्या दिवशी ५० टक्के पुरे. रोजच्या वापरासाठी फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर मार्च ते जून ती चालू ठेवा.

पॉवरबँक तर गाडीत सोडूच नका. स्वस्त पॉवरबँकमध्ये तापमानाचा सेन्सर असेलच असं नाही.

कूलर पंख्याचं राहिलं. नुसता पंखा असेल तर तो डॅशवर अडकलेली गरम हवाच फिरवतो, ४५ अंशांच्या हवेने फोन ४५च्या खाली कसा येणार? पेल्टिअर पट्टीचा (वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणारी पट्टी) कूलर खरंच गार करतो, पण त्याला स्वतःला १० वॅटच्या आसपास वीज लागते, तेवढी उष्णता तो दुसऱ्या बाजूने गाडीत सोडतो, आणि पावसाळ्यात फोनच्या पाठीवर दव धरतो. व्हेंट होल्डर त्याच्यापेक्षा स्वस्त आणि चांगला.

दोन वर्षांचा फोन आहे म्हणून एक तपासणी करून घ्या. फोन सपाट काचेवर स्क्रीन खाली करून ठेवा आणि कोपरा दाबा. डुगडुगला, स्क्रीनची कड उचललेली दिसली किंवा स्क्रीनच्या मधे पिवळट डाग आला असेल तर बॅटरी फुगली आहे. तशी असेल तर चार्जिंग बंद, पुन्हा दाबून बसवायचा प्रयत्न नको, सुई-टाचणी तर अजिबात नको. फोन बंद करून पडद्यांपासून लांब फरशीवर ठेवा आणि दुकानात आणा. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात चेपली की पेट घेते. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती वेगळी जमा करायची असते, सर्व्हिस सेंटरला द्या.

जुळे सोलापूरकर

फोन डुगडुगत नाही, कड पण नीट आहे. शेवटचं एक, उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर फोन लगेच व्हेंटला लावायचा का? आणि फोनवरच डॅशकॅमचं ॲप चालवलं तर?

अक्कलकोट रोड ऑटो इलेक्ट्रिक

लगेच नाही. सुरुवातीला व्हेंटमधूनच भट्टीची हवा येते. चारही काचा खाली करून, एसी बाहेरच्या हवेवर ठेवून दोन-तीन मिनिटं चालवा, आतली हवा निघून गेली की काचा वर आणि एसी आतल्या हवेवर. व्हेंटला हात लावून गार लागलं की फोन लावा, तोपर्यंत तो खिशात किंवा बॅगेत. ब्लोअर दोनवर पुरतो.

निघायची वेळ तुमच्या हातात असेल तर पुण्याकडे सकाळी लवकर निघा, रस्ता वायव्येला जातो म्हणून ऊन पाठीमागे राहतं. परत संध्याकाळी निघालात तरी पाठीमागेच. दुपारी दोनला पुण्याकडे निघालं की सावळेश्वर टोलपासूनच ऊन समोरच्या काचेत.

डॅशकॅमचं ॲप फोनवर नको. कॅमेरा, रेकॉर्डिंग आणि मॅप एकत्र चालले की व्हेंटची हवाही पुरत नाही. वेगळा डॅशकॅम घ्या, आणि घेताना आत लिथियम बॅटरी नसून सुपरकपॅसिटर (बॅटरीऐवजी वीज साठवणारा, उष्णता जास्त सोसणारा भाग) आहे याची खात्री करा. तो काचेलाच चिकटलेला राहणार, तिथे बॅटरीवाला दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत फुगतो.